बोगद्यात उजेड कुठवर जातो

“यानं उजेड पोचला असता का?”

ओपल रॅटलिफनं हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा व्हर्लिन स्टॅम्पर तीस वर्षांचा होता. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये एका बसखाली उताणा पडलेला, आणि छातीवर नवाकोरा टॉर्च. ॲल्युमिनियमच्या अख्ख्या कांडीतून कोरून काढलेला, पाच सेलांचा, हातभर लांब. पोलीसवाले कमरेला लावायचे तसला. आईनं तो हातात तोलून विचारलं होतं, “हा उजेड पाडायला घेतलास की माणूस पाडायला?”

बसखालून त्याला ओपलचे फक्त बूट दिसत होते.

“कुठवर पोचला असता?” त्यानं विचारलं. ठाऊक असूनही विचारलं.

“बोगद्यात. हॉबर्टपर्यंत.”

व्हर्लिननं टॉर्चचं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. बसच्या पोटातले नटबोल्ट दिवसासारखे लखलखले.

“हो,” तो म्हणाला. “यानं पोचला असता.”

 “म्हणजे तुझा तो जुनाच मेला कुचकामी होता,” ओपल म्हणाली, आणि बूट निघून गेले.

त्यानंतर पस्तीस वर्षं, जवळजवळ दर नव्या टॉर्चमागे, तिनं हेच विचारलं आणि त्यानं हेच उत्तर दिलं.

ब्रशी गॅपचा बोगदा अकराशे फूट. दोन्ही टोकांना वळण, मधे सरळ. त्यामुळे भर दुपारी बाराला मधोमध उभं राहिलं तरी डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नाही. डोंगराचं पाणी छतातून झिरपतं आणि विटांवरून, रुळांखालच्या लाकडी स्लीपरांवरून चुन्याचे पांढरे ओघळ सोडत जातं. त्र्याहत्तर साली या बोगद्यातून कोळशाच्या गाड्या जायच्या, आणि प्रत्येक गाडीआधी एका माणसानं तो चालून बघायचा असा नियम होता. छताचा दगड निसटून रुळावर आलेला नाही ना, एवढं पाहायचं. टोकापर्यंत जायचं, परत यायचं, तोंडाशी उभं राहून कंदील हलवायचा. पांढरा कंदील हलला की गाडी आत, लाल हलला की जागीच थांबायची.

तो माणूस म्हणजे बावीस वर्षांचा व्हर्लिन. कंपनीचा कंदील खुणेपुरता. बघायला त्याचा स्वतःचा टॉर्च होता. पोलादी नळीचा, तीन सेलांचा. मुठीत घसरू नये म्हणून अंगावर उभ्या पन्हाळी. सेल फुगून नळीत अडकू नयेत म्हणून तो ते महिनाअखेरीला काढून पुसून ठेवायचा. बायको नव्हती, लोक म्हणत, गरज काय आहे.

त्या नोव्हेंबरात तो बोगद्याच्या मधल्या कोनाड्याशी पोचला आणि खालच्या पुलाकडून शिट्टी ऐकू आली. गाडी वेळेच्या आधी आली होती. पुढं वळणापर्यंतचे साडेतीनशे फूट आणि वळणापलीकडचं टोक बघायचं राहिलं होतं. तेवढं जाऊन परत येण्याइतका वेळ नव्हता. त्यानं तिथूनच टॉर्च मारला. झोताच्या पार शेवटी, रुळांच्या मधे, काहीतरी पांढरं होतं.

दोनच आठवड्यांपूर्वी त्यानं लाल कंदील दाखवून चाळीस डब्यांची गाडी थांबवली होती. रुळावर निघालं काय, तर पिठाचं रिकामं पोतं. तेव्हापासून गँगमधला प्रत्येक जण त्याला विचारत होता, “काय स्टॅम्पर, आज पोत्याची तब्येत कशी आहे?” फोरमननं तर सगळ्यांदेखत टोपी काढून त्या पोत्याला मुजरा केला होता.

चुना असेल, व्हर्लिननं स्वतःला सांगितलं. तो परत फिरला आणि त्यानं पांढरा कंदील हलवला. गाडी आत गेली.

चुना नव्हता. हॉबर्ट रॅटलिफचा ठेवणीतला सदरा होता, आणि सदऱ्यात हॉबर्ट होता. पलीकडच्या खोऱ्यातून चुलतभावाच्या लग्नाहून परतताना सगळे घेतात तसा त्यानं बोगद्याचा आडमार्ग घेतला होता. तो तिथं का पडला होता, पाय मुरगळला होता की डोकं आपटलं होतं, हे कधीच कळलं नाही. त्याची बायको ओपल तेव्हा चोवीस वर्षांची होती.

त्या रात्री व्हर्लिननं स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉर्च चालू करून ठेवला आणि समोर बसून राहिला. उजेड पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबडा, मग बल्बातली तार नुसती लाल धाग्यासारखी उरली आणि पहाटे तीही गेली. सकाळी चौकशीला आलेल्या साहेबानं बटण दाबून पाहिलं. काही नाही. व्हर्लिन म्हणाला, “उजेड पोचला नाही, साहेब. सेल संपत आले होते.” साहेबानं तसं लिहून घेतलं. आठवड्याभरात व्हर्लिननं रेल्वे सोडली.

एक खोटं बोललेला माणूस जन्मभर त्याच विषयावर बोलत राहतो, असं त्याला पुढं अनेकदा वाटलं. कारण टॉर्च सुटले नाहीत. उलट वाढत गेले.

सोबतीला ड्यूई कूम्स होता. ड्यूईचं हार्डवेअरचं दुकान. खिळे कमी, गप्पा जास्त. ऐंशीच्या दशकात या दोघांनी बल्बांचा छळ मांडला. सहा सेलांच्या नळीत चार सेलांचा बल्ब घालायचा, की तो दहा मिनिटं पेटल्या चुलीसारखा ढणढणायचा आणि फट्. एकदा बसचा हेडलाइट, पाठीवरच्या पिशवीत मोटरसायकलची बॅटरी, आणि ड्यूई त्या बोगद्यात उभा राहून ओरडतोय, “व्हर्लिन, माझ्या पाठीतनं धूर येतोय का रे?” येत होता.

ओपल प्रत्येक वेळी यायची. आधी ती नुसती कोनाड्याशी उभी राहून बघायची. मग तिला कळायलाही लागलं. बल्बामागच्या कुठल्या वाटीचा झोत मधे काळं भोक पाडतो, कुठल्या काचेला हिरवट झाक आहे. ती रेल्वेला दर वर्षी पत्र लिहायची: बोगदे तपासणाऱ्यांना चांगले दिवे द्या. बोगदा बंद पडला, रूळ उखडून नेले, स्लीपर तेवढे राहिले, तरी ती लिहीत होती.

“दहा मिनिटं टिकला,” तो जळका बल्ब हातात घेऊन ती म्हणाली होती. “पुष्कळ झाली. हॉबर्टला एकच लागलं असतं. यानं पोचला असता ना?”

“पोचला असता.”

मग नव्वदचं दशक सरताना पहिले एलईडी आले. मुगाच्या दाण्याएवढे, निळसर. ड्यूई नाचत होता, “शंभर तास! एका सेलावर शंभर तास!” ओपलनं तो निळा उजेड स्वतःच्या तळहातावर पाडला आणि हात झटकला. “हा मेलेल्याच्या ओठांचा रंग आहे. आणि जातो कुठवर? माझ्या चपलेपर्यंत?”

“नाही,” व्हर्लिन म्हणाला. “यानं पोचला नसता.”

त्याला एकदाचं ‘नाही’ म्हणायला मिळालं होतं. त्याला इतकं हलकं वाटलं की घरी येऊन त्यानं अख्खं पातेलंभर घेवडा आणि मक्याचा पाव खाल्ला. पण एलईडी थांबले नाहीत. दर सहा महिन्यांनी दुप्पट. ड्यूई मोडक्या लॅपटॉपांची पोटं फाडून लिथियमचे सेल काढायचा. त्यात दुकानाचं काउंटर एकदा जळलं. इंटरनेटवर त्यांच्यासारखेच येडे भेटले. फिनलंडमधला एक जण तर व्हर्लिनला दर रविवारी बर्फावर पाडलेल्या झोतांचे फोटो पाठवायचा. आणि मग अंगठ्याएवढा एक टॉर्च आला, ज्यानं तो बोगदा छतापासून स्लीपरांपर्यंत एकदम पांढरा करून टाकला. वळणावरची एकेक वीट मोजता येत होती.

“अरे देवा,” ओपल हळूच म्हणाली होती. “इथं तर उंदीरही लपला नसता.”

त्या दिवशी तिनं तो प्रश्न विचारला नाही. व्हर्लिनच्या लक्षात आलं. तो घरी येऊन झोपला नाही.

दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरात ही कल्पना ड्यूईनं काढली. दुकानात, लोणच्यात मुरवलेल्या सॉसेजच्या बरणीशेजारी कोपर टेकून.

“ऐका. चाळीस-पंचेचाळीस वर्षांतले सगळे टॉर्च. जुन्यापासून नव्यापर्यंत. एकाच जागेवरून, एकाच अंतरावर, एकाच पांढऱ्या चादरीवर. मी व्हिडिओ काढतो. तो फिनलंडवाला खुर्चीतनं पडेल.”

“तुला व्हिडिओ काढता येतो?” ओपल म्हणाली. “गेल्या खेपेला अर्धा तास तुझा अंगठा दिसत होता.”

“अंगठा बघायलाही लोक येतात, बाई.”

“मग व्हर्लिनचा तो आण.” ओपलनं व्हर्लिनकडं पाहिलंही नाही, ती बरणीतलं सॉसेज काट्यानं टोचत होती. “त्या दिवशीचा.”

“तो हरवला,” व्हर्लिन म्हणाला.

“नाताळला तुझ्याकडं दोऱ्याचं रीळ शोधत होते तेव्हा तुझ्या खणात होता.”

“गंजलाय.”

“गंज काढ.” तिनं मान वर केली. “मला एकदा बघू दे रे तो कसला आंधळा होता ते. चांगल्या सेलांवरही तो कितीसा जात होता, ते बघू दे. सगळे पोचणारे बघितले. न पोचलेला तेवढा राहिलाय.”

ड्यूईनं लगेच फळीवरून खोका काढला. “जुन्या पद्धतीचे सेल आहेत माझ्याकडं, मसाल्याचे. हे आजकालचे ताकदवान नाहीत, अस्सल तसलेच. न्याय म्हणजे न्याय.” त्यानं तीन सेल व्हर्लिनच्या हातात ठेवले. “जा, घरी घालून आण.”

व्हर्लिन ते तीन सेल खिशात घेऊन घरी आला. त्याला ठाऊक होतं. चांगल्या सेलांवर तो टॉर्च साडेतीनशे फूट जातो. त्याच्याइतकं हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ओपल कोनाड्याशी उभी राहून तो जाताना बघणार होती.

म्हणून शुक्रवारी त्यानं पुन्हा तेच केलं. नळी घासली, काच पुसली, सेल घातले आणि टॉर्च टेबलावर चालू करून ठेवला. या वेळी तो समोर बसला नाही. पाठ फिरवून भांडी घासत राहिला. मधे भिंतीवरची स्वतःची सावली तांबूस होत गेलेली त्याला दिसली. मग त्यानं मीटर लावून पाहिलं. काटा जवळजवळ पडलेला. बटण दाबलं तर बल्बात उदबत्तीच्या टोकाएवढं काहीतरी. वीस फूटही गेलं नसतं. बस.

शनिवारी थंडी होती. टॉर्च त्यानं ट्रकच्या डॅशबोर्डवर ठेवला, हीटर लावला आणि पाऊण तास गाडी चालवली.

ओपल आणि ड्यूई आधीच पोचले होते. बोगद्याच्या मधल्या कोनाड्याशी ड्यूईनं खडूनं रेघ मारली होती. तीन पायांच्या घोडीवर कॅमेरा, खाली गोणपाटावर ओळीनं टॉर्च मांडलेले. जणू एका घराण्यातली माणसं फोटोला बसलीत.

“चादर बांधली?” व्हर्लिननं विचारलं.

“बांधलं,” ओपल म्हणाली.

“चला, सगळ्यात म्हातारा आधी,” ड्यूई म्हणाला. “म्हणजे मी नाही. टॉर्च. दिवे बंद.”

अंधार झाला. छतातून थेंब पडत होते. कुठं पडतायत ते कळत नव्हतं. ओपलचा श्वास त्याच्या उजव्या खांद्याशी होता. व्हर्लिननं खडूची रेघ पायानं चाचपली, टॉर्च उचलला आणि पन्हाळींवरून अंगठा फिरवला. नळी हीटरनं कोमट झालेली लागली. आणि त्याच क्षणी त्याला आठवलं. आई संपलेले सेल चुलीच्या कडेला मांडून ठेवायची. या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. लिथियमचा सेल मेला की मेला, पण मसाल्याच्या सेलाला विसावा दिला, ऊब दिली, की त्याच्यात घटकाभर जीव परत येतो. पंधरा वर्षं लिथियम हाताळून तो हे साफ विसरला होता.

“लाव की,” ओपल म्हणाली.

बटण आधीच दाबलं गेलं होतं.

झोत सरळ गेला. पिवळसर पांढरा, मधे भोक पडलेला, जुन्या वाटीचा झोत. शंभर फूट, दोनशे, आणि पार शेवटी वळणाशी, रूळ होते त्या जागी, जमिनीपासून हातभर उंचीवर एक पांढरा सदरा. चादर नाही, सदरा. दोन काठ्यांमधे दोरीवर टाकलेला, बाह्या खाली लोंबलेल्या. बोगद्यातल्या वाऱ्यानं एक बाही किंचित उचलली गेली आणि पडली.

“एक, दोन, तीन,” ड्यूई मोजत होता, “चार... अरे, पोचला की! हा तर पोचला...”

उजेड पिवळा झाला. तांबडा झाला. गेला.

 ड्यूईनं चाचपडत टॉर्च व्हर्लिनच्या हातातून घेतला. दुकानदाराचा हात, त्याला नळीवरूनच कळलं.

“गरम आहे,” तो म्हणाला. मग अगदी वेगळ्या आवाजात, “व्हर्लिन, मी नवे दिले होते.”

“दुसरे आहेत का?” ओपलनं विचारलं.

“आहेत.”

“घाल.”

अंधारात झाकणाचे आटे फिरल्याचा आवाज आला. तीन सेल एकामागून एक नळीत उतरले. ओपलनं टॉर्च ड्यूईकडून घेतला आणि व्हर्लिनच्या मुठीत परत दिला. “लाव.”

या खेपेला उजेड गेला आणि तिथंच राहिला. सदऱ्याची बटणं मोजता आली नसती, पण कॉलर दिसत होती.

“त्याचाच आहे,” ओपल म्हणाली. “दोन घेतले होते लग्नाच्या वर्षी. चादर मोठी पडते, म्हटलं, खरं कळायचं नाही.” ती बराच वेळ बघत राहिली. “हाच बल्ब होता?”

“हाच.”

“इथूनच मारला होतास?”

“इथूनच.”

“म्हणजे त्या दिवशी सेलच गेले होते.” तिचा आवाज घाईचा झाला, भाकरी करपायच्या आत उलटावी तसा. “तू साहेबाला सांगितलं होतंस ना, सेल संपत आले होते. टॉर्चचा दोष नव्हता, सेलांचा होता. कंपनीनं सेलसुद्धा दिले नाहीत मेल्यांनी. तसंच ना, व्हर्लिन?”

ती त्याला वाट काढून देत होती. त्याला ते दिसलं, ड्यूईलाही दिसलं असावं, कारण ड्यूई मान खाली घालून नसलेला खडू खिशात शोधायला लागला. व्हर्लिननं फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पस्तीस वर्षं त्यानं तेवढंच म्हटलं होतं.

“नाही,” तो म्हणाला. “सेल चांगले होते.”

थेंब पडत राहिले.

“मग काय दिसलं?”

“पांढरं.”

“पांढरं काय?”

“चुना वाटला.”

“वाटला?”

“वाटून घेतला.” त्याच्या हातातला झोत थरथरायला लागला तशी दूरवर सदऱ्याची सावली भिंतीवर डुलायला लागली. “पोत्यावरून सगळे हसले होते, ओपल. पुन्हा गाडी थांबवली असती आणि चुना निघाला असता तर...”

“मला पोत्याचं नको सांगूस.” ती आता त्याच्या समोर आली होती, पण उजेड तिच्या पाठीमागं जात होता, त्यामुळे तिचं तोंड नुसतं काळं दिसत होतं. “मला एकच सांग. हलत होता का तो?”

हा प्रश्न त्याला त्रेचाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यानं स्वतःलाही विचारला नव्हता.

“ठाऊक नाही.”

“व्हर्लिन.”

“ठाऊक नाही मला, ओपल, खरंच. हलतंय की काय असं वाटायला लागलं... आणि ते कळायच्या आत मी बटण बंद केलं.”

ड्यूईनं “देवा रे” म्हटलं, आणि मग तोंडावर हात ठेवल्यासारखा आवाज तुटला.

 ती वळली आणि सदऱ्याच्या दिशेनं चालायला लागली. व्हर्लिननं तिच्या पायांपुढं उजेड धरला तशी ती न वळता म्हणाली, “नको. विझव.”

त्यानं विझवला. ड्यूईच्या पायाशी बोगदा पांढरा करू शकणारे अकरा टॉर्च पडले होते. दोघांपैकी कुणी एकालाही हात लावला नाही. अंधारात ओपलच्या टाचा स्लीपरवर, मग खडीवर, मग पुन्हा स्लीपरवर वाजत गेल्या. सदुसष्ट वर्षांची बाई, एक गुडघा दुखरा. मधे एकदा ती अडखळली. पावलं पुन्हा सुरू झाली. बारीक होत होत थांबली.

किती वेळ गेला ते कॅमेऱ्यानं मोजलं असेल; त्यात नंतर नुसता काळा पडदा निघाला. दोरी सुटल्याचा किंवा काठी पडल्याचा आवाज झाला. मग पलीकडून, विटांवर आपटत, तिचा आवाज आला.

“व्हर्लिन. लाव आता.”

त्यानं बटण दाबलं. ओपल वळणाशी, स्लीपरांच्या मधे खाली बसली होती. सदरा मांडीवर. उजेडात तिनं डोळे मिटले नाहीत.

“दिसते मी?”

“दिसतेस.”

“नीट?”

“नीट दिसतेस, ओपल.”

“मग बंद करू नकोस.”

ड्यूईनं दिलेले सेल नवे होते. चार तास तरी गेले असते. व्हर्लिननं उजव्या मनगटाखाली डावा हात दिला, म्हणजे झोत हलणार नाही, आणि तो खडूच्या रेघेवर उभा राहिला.